गल्लीचा कुत्रा : मुंबईच्या जुन्या वस्त्यांतील श्वानसहवासाचा इतिहास

मुंबई बेटाच्या दक्षिण भागातील कोट, भुलेश्वर, गिरगाव, डोंगरी, भायखळा आणि पुढे परळ-लालबाग या दाट वस्त्यांमध्ये माणसाच्या सोबतीने राहत आलेल्या कुत्र्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण मालकीची येते. सरकारी दप्तराला कुत्र्याचे दोनच प्रकार ठाऊक आहेत. एक पाळीव, ज्याच्या गळ्यात पट्टा असतो आणि ज्याच्याबद्दल जाब विचारता येईल असा मालक असतो. दुसरा बेवारस, ज्याचे काहीही केले तरी कोणी विचारायला येणार नाही असे गृहीत धरलेले असते. या वस्त्यांत प्रत्यक्ष राहणारा बहुतेक कुत्रा या दोन्हींत बसत नाही. तो एखाद्या वाडीच्या तोंडाशी किंवा जिन्याखाली जन्मतो, त्याला मोती, काळू, वाघ्या असे कोणी तरी ठेवलेले नाव असते, त्याला शिळी पोळी किंवा मासळीचे काटे घालणारी दोन-चार घरे ठरलेली असतात, अपरात्री अनोळखी पाऊल वाजले की तो भुंकतो आणि पहाटेच्या दूधवाल्याला मात्र मुकाट्याने वाट देतो; तरीही तो कोणाचा असे विचारले तर ‘आपल्या गल्लीतला’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा गल्लीचा कुत्रा आहे. गेल्या दोन शतकांत राज्यसंस्थेने त्याला वरील दोहोंपैकी एका रकान्यात बसवण्याचा पुनःपुन्हा प्रयत्न केला आणि वस्तीने, कधी उघड विरोधाने तर कधी केवळ रोजच्या सवयीने, त्याची तिसरी जागा टिकवून धरली, असे या इतिहासाचे स्थूल रूप आहे.

ही तिसरी जागा निर्माण होण्यामागे दया ही एकच प्रेरणा होती असे म्हणता येत नाही. तिच्यामागे निरनिराळ्या समाजांचे निरनिराळे आचार होते आणि ते एकमेकांना लागून असलेल्या गल्ल्यांमध्ये एकत्र आले, ही मुंबईची विशेष गोष्ट आहे. पारशी धर्मपरंपरेत कुत्र्याचे स्थान सर्वांत स्पष्टपणे सांगितलेले आढळते. ‘वंदीदाद’ या अवेस्ता वाङ्मयातील विधिग्रंथाचा तेरावा भाग बव्हंशी कुत्र्यालाच वाहिलेला असून त्याला इजा करणाऱ्यास आणि वाईट अन्न घालणाऱ्यास दोषी ठरवणारे नियम त्यात आहेत. अंत्यविधीत ‘सगदीद’ नावाचा संस्कार असतो. मृतदेहासमोर कुत्रा आणून त्याची नजर देहावर पडू देणे, असे त्याचे स्वरूप असून त्या नजरेने मृतदेहावर चाल करून येणारी अपवित्र शक्ती दूर होते, अशी श्रद्धा आहे. या विधीसाठी ‘चार डोळ्यांचा’, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक ठिपका असलेला कुत्रा उत्तम मानला जाई. याखेरीज जेवणाआधी कुत्र्यासाठी घास बाजूला काढण्याची ‘कुतरानो बुक’ ही गुजराती नावाची घरगुती रीत होती. कोटात एकत्र राहणाऱ्या पारशी कुटुंबांच्या दृष्टीने दारातला कुत्रा हा अशा रीतीने रोजच्या जेवणाशी आणि अखेरच्या प्रवासाशी जोडलेला होता, मग तो पाळलेला असो वा नसो.

हिंदू घरांत कुत्र्याविषयीची भावना दुहेरी होती आणि तिच्यातील विसंगती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एकीकडे वैश्वदेवानंतर, म्हणजे जेवणापूर्वी अग्नीला अन्नाची आहुती देण्याच्या नित्यकर्मानंतर, गाय व कावळा यांच्याबरोबर कुत्र्यालाही बळी, म्हणजे अन्नाचा भाग, देण्याचा आचार होता. भैरवाचे वाहन कुत्रा, खंडोबाच्या सोबत कुत्रा, आणि दत्तात्रेयाच्या पायांशी वेदांचे प्रतीक मानलेली चार कुत्री. भाकरी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा कीर्तनकारांनी घरोघर पोचवली होती. राजा रविवर्मा यांचा शिळाछाप छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि अशा छापखान्यांतून निघालेल्या स्वस्त रंगीत देवचित्रांमुळे दत्ताची तसबीर, आणि तिच्यातली ती चार कुत्री, चाळीतल्या खोलीच्या भिंतीवर आली. दुसरीकडे त्याच घरांत कुत्र्याचा स्पर्श विटाळ मानला जाई, सोवळ्यात असलेली बाई त्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे, आणि मराठी बोलण्यातील कुत्र्यावरच्या बहुतेक म्हणी व शिव्या तुच्छतेच्याच आहेत. कोकणी मुसलमान ज्या शाफई विधिपरंपरेचे पालन करतात तिच्यातही कुत्र्याची लाळ अशुद्ध समजली जाते आणि लाळ लागलेले भांडे सात वेळा धुण्याचा नियम आहे. परंतु तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला पापमुक्ती मिळाल्याची कथाही त्याच परंपरेत आदराने सांगितली जाते. या सर्व आचारांचा एकत्रित परिणाम असा झाला की, बहुसंख्य घरांसाठी कुत्रा हा उंबऱ्याबाहेरचा, पण घासाचा वाटेकरी ठरला. घरात घ्यायचा नाही आणि उपाशीही ठेवायचा नाही, ही जी मर्यादा आखली गेली तिच्यातून गल्लीचा कुत्रा घडला.

ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनाने या प्राण्याकडे पाहिले ते सर्वस्वी वेगळ्या दृष्टीने. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणाऱ्या जलद्वेषाची, म्हणजे आज ज्याला रेबीज म्हणतात त्या रोगाची, युरोपीय रहिवाशांना मोठी धास्ती होती. त्या रोगावर तेव्हा कोणताही उपाय नव्हता आणि लक्षणे दिसल्यावर मृत्यू अटळ होता, म्हणून ती धास्ती निराधारही नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील पोलीस नियमानुसार वर्षातील ठराविक मुदतीत मोकाट कुत्री मारण्याची मुभा मिळाली आणि प्रत्येक मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे इनाम दिले जाऊ लागले. आठ आणे ही त्या काळच्या मजुराच्या दृष्टीने मोठी रक्कम होती. परिणामी, मारेकऱ्यांचे लक्ष धोकादायक कुत्र्यावरून सहज हाती लागणाऱ्या कुत्र्याकडे वळले, आणि घरांच्या आवारात बसलेली, वस्तीने सांभाळलेली कुत्रीही मारली जात असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या.

१८३२ च्या उन्हाळ्यात ही मुदत आणखी वाढवण्यात आली. ६ जून रोजी कोटात कुत्री मारण्यासाठी फिरणाऱ्या शिपायांवर सुमारे दोनशे लोकांचा जमाव चालून गेला. त्यात पारशांची संख्या मोठी होती. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ७ जूनला, शहरात हरताळ पडला. बाजार बंद राहिला, पारशांबरोबर हिंदू व जैन व्यापारीही त्यात उतरले आणि कुलाब्याच्या छावणीला होणारा अन्नपाण्याचा पुरवठा अडवला गेला. शेवटी सैन्य आणून, दंग्याचा कायदा वाचून दाखवून आणि अटका करून अधिकाऱ्यांनी शहर शांत केले. मुंबईच्या इतिहासात ही घटना ‘कुत्र्यांचा दंगा’ या नावाने नोंदली गेली आहे.

या दंग्याचे वर्णन बहुधा पारशांच्या धर्मभावनेचा उद्रेक असे केले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे, कारण केवळ एका समाजाच्या धर्मभावनेने सारा बाजार बंद पडत नाही. कंपनीच्या शिपायाला आवारात शिरून दारातला जीव मारण्याचा हक्क आहे काय, आणि एखादा कुत्रा ‘कोणाचाही नाही’ हे ठरवण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हा प्रश्न सर्वांनाच लागू होता. छावणीचा पुरवठा अडवण्याची कृती पाहिली तर हरताळकऱ्यांना आपल्या व्यापारी सामर्थ्याची जाणीव होती, हेही दिसते. इतिहासकार जेसी पॅल्सेटिया यांनी या दंग्याचा अभ्यास करताना पारशी समाजातील पुढाऱ्यांचे सरकारशी असलेले नाते आणि सामान्य पारशांचा संताप यांतील ताण दाखवून दिला आहे. शेठ मंडळींनी दंग्यापासून अंतर राखले, मात्र नंतरच्या अर्जांत जमावाची मूळ तक्रार त्यांनी आपली मानली. जमशेटजी जिजीभाई यांच्यासह पारशी, हिंदू व जैन प्रतिष्ठितांनी कुत्री मारण्याऐवजी ती अन्यत्र हलवावीत असा तोडगा पुढे केला.

त्या तोडग्याचे दृश्य फळ म्हणजे मुंबईची पांजरपोळ. पांजरपोळ म्हणजे आजारी, म्हाताऱ्या व बेवारस जनावरांना मरेपर्यंत पोसणारी धर्मादाय संस्था; तिची परंपरा गुजरातच्या जैन-वैष्णव व्यापारी नगरांतून आलेली होती. १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशहा शेठ, यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ ही संस्था स्थापन झाली. तिचा खर्च चालवण्यासाठी व्यापारी महाजनांनी मालाच्या देवघेवीवर ‘लागा’, म्हणजे स्वेच्छेने ठरवलेली छोटी पट्टी, बसवून घेतली. आज भुलेश्वरची पांजरपोळ गाईंसाठी ओळखली जाते. तिच्या उभारणीमागचे तातडीचे कारण कुत्री होती, ही गोष्ट त्या परिसरातून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. संस्थेचे मोल निर्विवाद असले, तरी एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. पांजरपोळीने कुत्र्याला मरणापासून वाचवले ते गल्लीतून उचलून. ‘मारू नका, हलवा’ हा तोडगा दयाळू होता, मात्र कुत्र्याची जागा गल्लीत नाही हे सरकारचे गृहीतक त्याने मान्य करून टाकले. पुढे दीडशे वर्षे चाललेला वाद याच दोन पर्यायांत अडकून पडला.

दरम्यान, शहर बदलत होते. १८६० च्या दशकात कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या, १८६४ च्या जनगणनेत लोकसंख्या ८ लाख १६ हजारांवर गेली, १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट सुरू झाले आणि गिरण्यांबरोबर गिरगावपासून परळपर्यंत चाळी उठल्या. चाळ म्हणजे एका लांब सज्जाला लागून ओळीने एकेका खोलीचे बिऱ्हाड असलेली इमारत. तिचा जिना, अंगण, नळ आणि शौचकूप सामाईक असत. कुत्र्याच्या दृष्टीने ही रचना फार अनुकूल होती. जिन्याखालची जागा कोणाच्याच भाड्यात मोडत नव्हती, अंगणाला फाटक नव्हते आणि असले तरी ते क्वचितच लागे, प्रत्येक मजल्यावर उरलेसुरले टाकणारे हात होते, आणि मासळीबाजार, खाटिकखाने, खाणावळी व कचऱ्याचे डबे हाकेच्या अंतरावर होते. गिरणीच्या पाळ्यांमुळे रात्रीबेरात्री ये-जा असे, त्यामुळे जागा राहणारा कुत्रा ही वस्तीची गरजही होती. प्राणिशास्त्राच्या भाषेत अशा कुत्र्याला माणसाच्या उष्ट्यावर व कचऱ्यावर जगणारा मुक्त संचारी श्वान म्हणतात. तो रानटी नसतो आणि एका मर्यादित टापूत आपल्या टोळीसह राहून बाहेरच्या कुत्र्यांना शिरू देत नाही. या शेवटच्या गुणाचे महत्त्व प्रशासनाला कळायला फार उशीर लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्राण्यांविषयीचे दुसरे एक संस्थात्मक वळण परळमध्ये आकाराला आले. प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी मुंबईची संस्था १८७४ मध्ये स्थापन झाली. पुढच्या दशकात गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या दानातून परळला बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि १८८६ मध्ये त्याला जोडूनच मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पांजरपोळीत जनावर मरेपर्यंत पोसले जाई. येथे ते बरे करून परत पाठवण्याची कल्पना होती, आणि हा फरक मूलभूत आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात स्थानकाच्या परिसरातला एक कुत्रा गोळी लागून जखमी झाला, त्याला याच रुग्णालयात आणून वाचवण्यात आले आणि शेरू या नावाने तो शहराला माहीत झाला. मालक नसलेल्या कुत्र्याला कोणी तरी उचलून इस्पितळात नेते आणि इस्पितळ त्याला दाखल करून घेते, ही गोष्ट स्वाभाविक वाटावी एवढी ती परंपरा तोवर रुजलेली होती.

रोगाच्या बाजूने पाहिले तर खरे वळण १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसमध्ये माणसावर रेबीजच्या लशीचा वापर केला तेव्हा आले. भारतात १९०० मध्ये कसौलीला पाश्चर संस्था सुरू झाली आणि तेथील डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूच्या ऊतीपासून, विषाणू निष्क्रिय करून, तयार केलेली लस देशभर रूढ झाली. परळच्या हाफकिन संस्थेतही अशी लस तयार होत असे. ‘पोटात चौदा इंजेक्शने’ ही जी धास्ती मराठी घरांतल्या दोन-तीन पिढ्यांच्या स्मरणात आहे ती या सेंपल लशीची. ती वेदनादायक होती आणि क्वचित तिच्यामुळेच मज्जासंस्थेचे विकार उद्भवत. तरीही तिने असंख्य जीव वाचवले. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले आणि पेशीसंवर्धनातून तयार होणारी, दंडात घेता येणारी लस तिच्या जागी आली. कुत्र्यांसोबत राहण्याचा इतिहास लिहिताना हा भाग दुय्यम मानणे अन्यायाचे होईल. भारतात आजही जगातील रेबीज मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मृत्यू होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, त्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे असते, आणि चाळीच्या अंगणात किंवा पदपथावर खेळणारे मूल हेच चाव्याच्या सर्वांत जवळ असते. गल्लीच्या कुत्र्याची बाजू घेणाऱ्या कोणत्याही लेखनाने हे मूल नजरेआड करता कामा नये.

विसाव्या शतकात कुत्र्यांविषयीचा प्रश्न नैतिक वादाच्या केंद्रस्थानी आला तो मात्र अहमदाबादमुळे. १९२६ मध्ये तेथील एका गिरणीमालकाने आवारातील साठेक कुत्री मारवली आणि महात्मा गांधींनी ‘यंग इंडिया’तून, अनेक अहिंसावाद्यांच्या रोषाची तमा न बाळगता, त्या कृतीचे नाइलाजाचे कृत्य म्हणून समर्थन केले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा मालकीचा होता. भटकता कुत्रा हे समाजाच्या आळसाचे व दयेच्या विपरीत कल्पनेचे चिन्ह आहे, येता-जाता तुकडा टाकणे ही खरी दया नव्हे, आणि ज्याला कुत्र्याची काळजी आहे त्याने त्याची पूर्ण जबाबदारी घ्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद गंभीर आहे. घास टाकून पुण्य मिळवणारा माणूस त्या कुत्र्याच्या आजाराची, पिलांची आणि चाव्याची जबाबदारी घेत नाही, हे निरीक्षण आजही खरे आहे. मात्र गल्लीच्या कुत्र्याची जबाबदारी एका व्यक्तीऐवजी एखादी वस्ती घेऊ शकते, ही शक्यता त्यात पुरेशी विचारात घेतलेली दिसत नाही.

याच काळाशी निगडित दुसरी एक गोष्ट या इतिहासात नोंदवली पाहिजे. १४ ऑगस्ट १९३१ रोजी गावदेवीच्या मणिभवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकर गांधीजींना भेटले तेव्हा, अस्पृश्यांना कुत्र्या-मांजरांहूनही हीन वागवले जाते आणि पाणी पिण्याचा हक्कही नाकारला जातो, तेव्हा ही मायभूमी आपली कशी म्हणावी, असे त्यांनी विचारले. महाडच्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता आणि माणसांना होता. कुत्र्याला घास काढून ठेवणारी संस्कृती माणसाला उंबरा आणि पाणवठा नाकारत होती, हे वास्तव समोर ठेवल्याशिवाय भूतदयेच्या परंपरेचा गौरव करणे अप्रामाणिक ठरते. मुंबईच्या वस्त्यांतून कुत्री उचलणे, मेलेली जनावरे हलवणे ही कामे ज्यांच्या वाट्याला आली त्यांच्या जातींचा इतिहासही या विषयाचाच भाग आहे, आणि त्याचे लेखन अजून व्हायचे आहे.

मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमाच्या चौकटीत पाळीव कुत्र्यासाठी परवाना आणि विनापरवाना कुत्र्याच्या विल्हेवाटीचा अधिकार अशा तरतुदी कालांतराने रुजल्या. व्यवहारात याचा अर्थ कुत्री पकडणारी गाडी. गाडी आल्याची वर्दी लागताच पोरे आपल्या गल्लीतल्या कुत्र्याला जिन्यावरून वर पळवीत, कोणी त्याच्या गळ्यात दोरी किंवा जुना पट्टा अडकवून त्याला तात्पुरता पाळीव करून टाकी; जे सापडत ते महालक्ष्मीच्या कोंडवाड्यात जात आणि ठरावीक मुदतीत कोणी सोडवायला आले नाही तर विजेच्या धक्क्याने मारले जात. स्वातंत्र्यानंतरही हे चालू राहिले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० मध्ये प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा आला खरा, पण त्यातही भटकी कुत्री नष्ट करण्याची मुभा कायम होती.

ही पद्धत थांबली ती काहीशी करुणेमुळे आणि बरीचशी अपयशामुळे. वर्षानुवर्षे कुत्री मारूनही त्यांची संख्या कमी होत नव्हती. एका टापूतली टोळी नाहीशी झाली की तेथील अन्न मोकळे होते, शेजारच्या टापूतली अनोळखी, लस न घेतलेली कुत्री तेथे शिरतात, मारामाऱ्या व चावे वाढतात, आणि सुमारे ६३ दिवसांच्या गर्भकाळानंतर एकेका मादीला पाच-सहा पिले होत असल्याने रिकामी जागा थोड्याच काळात भरून निघते. मद्रासच्या ब्लू क्रॉस या संस्थेने १९६० च्या दशकापासूनच याला पर्याय म्हणून पकडणे, नसबंदी करणे, रेबीजची लस टोचणे आणि त्याच ठिकाणी परत सोडणे हा मार्ग सुचवला होता. मुंबईत १९९४ मध्ये कुत्री मारणे थांबवून स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्याने नसबंदीचा कार्यक्रम सुरू झाला, आणि २००१ मध्ये प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी तीच पद्धत देशभर लागू केली. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच दिली जाते. ती खाच म्हणजे या प्राण्याला शहराने दिलेली पहिली नोंदच होय. महत्त्वाची बाब अशी की ‘त्याच ठिकाणी परत’ या शब्दांत, मारणे आणि हलवणे या दोन पर्यायांपलीकडे, कुत्र्याला ठिकाण असते हे प्रथमच कायद्याने मान्य केले.

या मार्गाचे यश अंमलबजावणीवर अवलंबून राहिले आहे. मुंबईच्या २०१४ च्या गणनेत सुमारे ९५ हजार आणि त्यानंतर दहा वर्षांनी झालेल्या पाहणीत सुमारे ९० हजार भटकी कुत्री आढळली. ही घट अल्प आहे. सर्व कुत्र्यांपैकी किमान ७० टक्क्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, हे सर्वमान्य तत्त्व प्रत्यक्षात उतरवून दाखवले ते गोव्याने. तेथे घरोघर व गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचणे, शाळांतून मुलांना शिकवणे आणि संशयित प्राण्यांचा माग ठेवणे हे काम वर्षानुवर्षे नेटाने झाले, आणि २०२१ मध्ये त्या राज्याने स्वतःला रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले. मुंबईला हे साधणार नाही असे मानण्याचे कारण नाही; मात्र त्यासाठी वस्तीतला कुत्रा ओळखणारा आणि त्याला हाताने धरू शकणारा माणूस लागतो, म्हणजेच गल्लीचे ते जुने नातेच लागते.

त्या नात्याचे आर्थिक रूप २०२० च्या टाळेबंदीत उघडे पडले. खाणावळी, खाऊगल्ल्या आणि मासळीबाजार बंद होताच जुन्या व्यापारी भागांतली कुत्री उपाशी पडली, आणि त्यांना खाऊ घालणाऱ्यांना संचाराची परवानगी द्यावी म्हणून भारतीय प्राणी कल्याण मंडळाला राज्यांना कळवावे लागले. दरम्यान, पाळीव कुत्र्याचे विश्वही निराळे झाले होते. सदनिकांच्या वाढीबरोबर मध्यमवर्गीय घरांत पॉमेरेनियन आला, २००३ मधील एका मोबाइल सेवेच्या जाहिरातीनंतर पग जातीच्या पिलांना मागणी आली, आणि २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे लहान प्राण्यांसाठी अद्ययावत रुग्णालय सुरू झाले. या बदलात एक हानी झाली. घरातल्या कुत्र्यावर वाढलेल्या पिढीला गल्लीतला कुत्रा अनोळखी वाटू लागला. वाडीतल्या मुलाला त्याचा स्वभाव, त्याची झोपायची जागा आणि त्याच्या वाटेला कधी जाऊ नये हे आपोआप कळत असे, ते ज्ञान उद्वाहनातून थेट वाहनतळावर उतरणाऱ्या मुलाला मिळत नाही.

मार्च २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या नियमांनी अशा कुत्र्याला सामुदायिक प्राणी म्हटले आणि त्याला अन्न घालण्याची जागा ठरवून देण्याचे काम रहिवासी संघटना किंवा स्थानिक संस्थेवर सोपवले. १८३२ पासून दप्तरात ज्याला रकाना नव्हता त्याला तो मिळाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला आणि काही दिवसांतच, २२ ऑगस्टला, तो बदलून नसबंदी व लसीकरण झालेली निरोगी कुत्री मूळ ठिकाणी परत सोडावीत, पिसाळलेली व आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, आणि अन्न केवळ ठरलेल्या जागीच घालावे असे सांगितले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, स्थानके यांसारख्या आवारांतून कुत्री कायमची हटवण्याचा आदेश झाला. हलवणे आणि परत सोडणे या दोन्ही भूमिका एकाच वर्षात पुन्हा मांडल्या गेल्या.

नियमातली अन्न घालण्याची जागा प्रवेशद्वार, जिना आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी अशी अट आहे, आणि ती रास्त आहे. परंतु जुन्या वस्त्यांची जमीन आता वेगळ्या रीतीने वाटली जात आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळी, म्हणजे १९२० च्या दशकात मुंबई विकास विभागाने कामगारांसाठी बांधलेल्या इमारती, पाडून त्यांच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या बदल्यात भाडेकरूंना ५०० चौरस फुटांच्या सदनिका दिल्या जात आहेत, आणि एका खोलीत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबांचा हा न्याय्य हक्क आहे. गिरगाव-भुलेश्वरच्या वाड्यांतही हेच होत आहे. पुनर्विकासाच्या पात्रता यादीत खोल्या व गाळे मोजले जातात. जिन्याखालची जागा आणि सामाईक अंगण त्यात येत नाहीत, कारण ती कोणाच्याच नावावर नव्हती. नव्या इमारतीच्या नकाशात तळमजल्याची सर्व मोकळी जमीन प्रवेशद्वार, गाड्यांचा उतार, अग्निशमनाचा मार्ग आणि खेळाची जागा यांत विभागलेली असते, म्हणजे नियमाने कुत्र्यासाठी वगळलेल्या जागांनीच ती पूर्ण भरलेली असते. अशा आवारात सामुदायिक प्राण्याची जागा दाखवण्याची जबाबदारी आज सोसायटीच्या कार्यकारिणीवर आहे, आणि कार्यकारिणी अस्तित्वात येते ती नकाशा मंजूर होऊन, इमारत बांधून, फाटकाला रखवालदार बसल्यानंतर; ती जागा नकाशातच आखून घेण्याची अट मंजुरी देणाऱ्या यंत्रणेने घातली, तर चाळीतून उठलेल्या कुटुंबांबरोबर त्यांच्या जिन्याखालच्या कुत्र्यालाही त्याच आवारात परत येता येईल.